राबाची जागा

देहूहून तुकोबांची पालखी पुढे गेली होती आणि मावळात पाऊस धरला होता. अशा एका दुपारी इंदुरीच्या थांब्यावर एक तरुण बसमधून उतरला. पाठीवर पिशवी, हातात छत्री आणि काखेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक जाड वही. छत्री त्यानं वहीवर धरली होती. तो स्वतः भिजत होता.

तो आफ्रिकेतल्या मलावीचा. पुण्यात अर्थशास्त्र शिकत होता. त्याचे वडील त्याला लहानपणापासून सांगत, की आपले राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका दिल्लीला अर्थशास्त्र शिकून आले होते. ते ऐकत तो मोठा झाला आणि इकडे आला. आता त्याला प्रबंध लिहायचा होता. विषय त्याचा त्यानंच निवडला होता. गावातली शिकलेली माणसं निघून गेली, की मागे गावाचं काय होतं?

या कामाला इंदुरी त्याला बरी वाटली. एका अंगाला इंद्रायणी, खंडेराव दाभाड्यांनी बांधलेली गढी, जवळच भंडारा डोंगर आणि खाली भाताची खाचरं. दुसऱ्या अंगाला तळेगाव-चाकणचे कारखाने. शेत आणि पगार एकाच गावात नांदत होते, आणि तिथून पुढे जाणारी वाट मोकळी होती.

पण राहायला खोली मिळेना. एका घरी खोली रिकामी असल्याचं फोनवर कळलं होतं. त्याला दारात पाहिल्यावर ती कालच दिल्याचं सांगितलं गेलं. दुसऱ्या घरी दार उघडलंच नाही. तिसऱ्या घराच्या पडवीत एक म्हातारी घेवडा निवडत बसली होती.

“कुठनं आलास रं पोरा?”

“मलावी, आजी. आफ्रिका.”

“लांब हाय का?”

“खूप लांब.”

“मग दमला असशील. बस.”

घराची मागची खोली तिच्या मुलाची होती. तो इंजिनिअर होऊन आधी तळेगावच्या कारखान्यात लागला, मग जर्मनीला गेला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी त्याचा फोन येई, दोन वर्षांनी तो स्वतः येई. खोलीत त्याचं टेबल आणि कॉलेजच्या वह्या तशाच होत्या. आजीनं टेबलावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, “ऱ्हा हितं. भाडं काय द्यायचं ते दे.”

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर हिंडू लागला. वहीत त्यानं रकाने आखले होते. कोण गेलं, किती शिकलं, कुठं गेलं, पैसे पाठवतं का, शेवटचं कधी आलं. लोक आधी बिचकले, मग चहा देऊ लागले. पोरं त्याच्या मागे फिरत. रकाने भरत गेले. कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, कुणी बंगळूरला, एकजण थेट कॅनडाला. बहुतेक घरांत पाचव्या रकान्याशी आलं, की बोलणारा माणूस जरा थांबे आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघे.

आजीच्या शेजारी तिचा पुतण्या राहत होता. त्याला दोन मुली. थोरली बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचा अर्ज भरलेला होता, फी भरायची तेवढी राहिली होती, आणि बाप ती भरत नव्हता.

“नर्स झाली की ती परदेशाच्याच गोष्टी बोलणार,” तो म्हणाला. “काकी, तुमचा एकुलता गेला. तुम्ही बघताय की.”

आजी काही बोलली नाही. तिच्याकडे यावर उत्तर नव्हतं. तरुणानं वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण त्यालाही ते खरं वाटत होतं.

त्या रात्री पाऊस फार होता. तरुणानं मक्याच्या पिठाचा न्सिमा केला, त्यांच्याकडे रोज खातात तो. आजीनं चाखून बघितला. “ही तर आपली उकडच,” ती म्हणाली आणि वर लसणाचं तिखट वाढलं. जेवता जेवता त्यानं आपल्या घरची गोष्ट सांगितली.

त्याचे आजोबा आणि आजोबांचा धाकटा भाऊ, दोघंही तरुणपणी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत गेले होते. त्या काळी मलावीतून हजारो माणसं तिकडे जात. खाणींसाठी भरती करणाऱ्या संस्थेला लोक ‘वेनेला’ म्हणत. वेनेलाची एक पद्धत होती. पगाराचा मोठा भाग माणसाच्या हातात तिथं देत नसत. तो मागे ठेवत आणि माणूस आपल्या मुलखात परतला, की तिथं देत. १९७४ साली खाणकामगारांना घेऊन जाणारं विमान बोट्स्वानात फ्रान्सिसटाउनजवळ पडलं. सत्तरहून जास्त माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष बांडांनी भरतीच थांबवली. आजोबा परत आले. धाकटा भाऊ आला नाही. तो जोहान्सबर्गकडेच कुठं तरी राहिला. आधी पत्र येई, मग तेही थांबलं.

“आमच्या भाषेत अशा माणसाला एक शब्द आहे,” तरुण म्हणाला. “माचोना. गेला आणि हरवला तो. आमच्या घरात अजून त्याच्याबद्दल बोलतात. सणाला, लग्नाला, मयताला. नेहमी त्याच्याबद्दल.”

आजीनं दाराबाहेरच्या अंधाराकडे बघितलं. जर्मनीत तेव्हा संध्याकाळ असेल, असं काहीसं ती पुटपुटली आणि भांडी उचलायला लागली.

झोपण्याआधी तरुणानं वही उघडली. शेवटच्या पानावर त्यानं एक ओळ लिहिली आणि खाली रेघ मारली. शिक्षण गाव रिकामं करतं, अशी ती ओळ होती. प्रबंधाचा निष्कर्ष हाती आला, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी आजीची लावणी निघाली.

ज्यांनी भातलावणी पाहिली नाही, त्यांच्यासाठी इथं थोडं थांबतो. उन्हाळ्यात खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पाला, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जागेत बी दाट पेरतात. तीनेक आठवड्यांत हिरवीगार, केसांसारखी दाट रोपं उभी राहतात. पण ती तिथंच ठेवली, तर एकमेकांना दाबून खुरटतात. त्यांना फुटवे फुटत नाहीत, लोंब भरत नाही. म्हणून ती उपटायची, मुळांची माती पाण्यात धुवायची, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या मोठ्या खाचरात रोपं अंतर ठेवून लावायची.

तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. बायका हसल्या, मग त्याला रांगेत घेतलं. अंगठा आणि दोन बोटांत रोप धरायचं, चिखलात दाबायचं, हात बाहेर काढताना रोप ओढायचं नाही. त्याची पहिली वीस-पंचवीस रोपं आडवी पडून पाण्यावर तरंगली. पुतण्याची थोरली त्याच्या शेजारी होती. ती न बोलता त्याची रोपं पुन्हा उभी करत पुढे सरकत होती. धाकटी बांधावरून मुठी फेकत होती.

लावत होते ते भात इंद्रायणी होतं. जवळच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं वाण. आईबापांपैकी एक इथलाच आंबेमोहोर, दुसरा फिलिपिन्समध्ये तयार झालेला आयआर-८. आज मावळातला माणूस पाहुण्याला आपलं म्हणून जो मऊ, वासाचा भात वाढतो, त्याचं अर्धं गोत समुद्रापलीकडचं आहे.

संध्याकाळी मोठी खाचरं लावून झाली. पाण्यात रोपांच्या ओळी उभ्या राहिल्या. बायका हातपाय धुऊन घरी निघाल्या. तरुणाची नजर कोपऱ्याकडे गेली. सकाळी जिथं सगळ्यांत गर्द हिरवळ होती, तिथं आता उकरलेला चिखल होता, तुटकी मुळं होती, पावलांचे खड्डे होते.

“आजी, ही जागा ओसाड झाली,” तो म्हणाला. “सगळी रोपं इथूनच गेली. हिच्यासाठी काहीच राहिलं नाही.”

“उद्या ये सकाळी,” आजी म्हणाली.

सकाळी दोघंच होते. आजीनं आदल्या दिवशी काही मुठी बाजूला पाण्यात ठेवल्या होत्या. तिनं राबाच्या जागेत चिखल केला, फळी फिरवून तो सारखा केला आणि त्याच जागेत रोपं लावायला सुरुवात केली. तरुणही वाकला. आता त्याची रोपं उभी राहत होती.

“हितली माती भाजलेली हाय,” आजी म्हणाली. “शेण हितं, राख हितं. समद्यात जोमाचं भात ह्याच कोपऱ्यात येतं. पर लावलं तर. माणूस दमून घरी जातं, मोठी खाचरं झाली म्हणतं, आन् ही पट्टी तशीच ऱ्हाते. मग तिच्यात तण माजतं. त्यो काय रोपांचा दोष न्हाई.”

थोडा वेळ दोघं न बोलता लावत राहिले. मग तिनं विचारलं, “तुझा आजा परत आला. त्यानं पैशाचं काय केलं?”

“एक सायकल घेतली. बाकीच्यातून माझ्या वडिलांची शाळेची फी भरली. तेव्हा आमच्याकडे प्राथमिक शाळेलाही फी होती. ती १९९४ साली माफ झाली.”

“आन् तुझा बाप कुठं गेला?”

“कुठंच नाही. गावातच आहे. शाळेत शिक्षक आहे.”

“त्यानं किती पोरं शिकवली?”

“खूप. मोजली नाहीत.”

“मग तुझा बाप,” आजी कंबर सरळ करत म्हणाली, “तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात बसंल?”

तरुण हातातली मूठ तशीच धरून उभा राहिला. त्याच्या वहीत पाच रकाने होते आणि पाचही गेलेल्या माणसांचे होते. कुणी खाणीत गेलं म्हणून शिकलेला, शिकून गावातच राहिलेला माणूस त्यात कुठंच बसत नव्हता. तो माणूस त्याचा स्वतःचा बाप होता.

तो पुण्याला गेला आणि दोन दिवस ग्रंथालयात बसला. आपल्याच देशाबद्दल लिहिलेलं त्यानं आजवर नीट वाचलं नव्हतं. टॅरिन डिंकलमन आणि मार्टीन मारिओटी या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०१६ साली मलावीच्या त्याच खाणकामगारांवर अभ्यास छापला होता. ज्या भागांतून जास्त माणसं खाणीत गेली होती, तिथली त्या वेळची शाळकरी मुलं इतर भागांतल्या मुलांपेक्षा जास्त शिकलेली निघाली होती. हा फरक कित्येक वर्षांनी, १९९८च्या जनगणनेतही दिसत होता. घरी परतल्यावर मिळणारा तो पगार शहरात न जिरता खेड्यात पोचला होता आणि त्यातला काही शाळेत गेला होता. नेपाळचीही एक हकिकत त्याला सापडली. ब्रिटिश सैन्यात गुरखा म्हणून भरती व्हायला १९९३ साली आठ वर्षांच्या शाळेची अट आली. त्या अटीपायी, जिथून ही भरती होई त्या समाजांतली पोरं शाळेत टिकू लागली. हजारोंतून काहीशेच निवडली जात. बाकीची गावीच राहिली, पण शिकून राहिली. स्लेश श्रेष्ठ या अभ्यासकानं ते मोजून दाखवलं होतं.

हे सगळीकडे आपोआप होतं, असं मात्र त्याला कुठं वाचायला मिळालं नाही. जिथं शाळाच नाही, शाळा आहे पण जागा नाही, तिथं नुसती आस लागून राहते. त्यानं तेही टिपून घेतलं.

परत आल्यावर त्यानं वहीत सहावा रकाना आखला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. आता तो विचारत होता: त्याच्याकडे बघून कोण शिकलं?

लोकांना या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागे. हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू आठवत जाई. दूध डेअरीचा हिशेब ठेवणारी सून बीकॉम झाली होती. तिच्या माहेरी शेजारचा मुलगा बंगळूरला गेल्यावर तिच्या बापानं तिला कॉलेजात घातलं होतं. रस्त्यावर मोटारी दुरुस्त करणारा एकजण आजीच्याच मुलाच्या जुन्या वह्या घेऊन आयटीआय झाला होता. ते ऐकून आजीला नवल वाटलं. वह्या कधी गेल्या आणि कधी परत आल्या, तिला ठाऊकच नव्हतं.

शेवटी तो एका निवृत्त गुरुजींकडे गेला. गुरुजींनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि तळेगावला नेलं. तिथं त्यांनी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला दाखवला. दोघं चपला काढून आत गेले.

“१९१३ साली,” गुरुजी म्हणाले, “सयाजीराव महाराजांनी बडोद्याची शिष्यवृत्ती देऊन एका मुलाला अमेरिकेला पाठवलं. कोलंबिया विद्यापीठात. तुमचाच विषय, अर्थशास्त्र. तो शिकला, परत आला, आणि पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. पण मी तुम्हाला माझ्या वडिलांचं सांगतो. ते कधी पुण्याच्या पुढं गेले नाहीत. त्यांना सही येत नव्हती. त्यांनी मला शाळेत घातलं, माझ्या दोन्ही बहिणींना घातलं. कुणाकडे बघून घातलं?”

तरुणानं वही उघडली, पण काही लिहिलं नाही. किती लिहायचं, हे त्याला कळेना.

त्या संध्याकाळी तो पुतण्याच्या ओट्यावर बसला आणि सहावा रकाना वाचून दाखवू लागला. आजी पडवीतून ऐकत होती. पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, “आन् ती गेली आन् परत आलीच न्हाई तर?”

“तसं होऊ शकतं, काका,” तरुण म्हणाला. “माझ्या आजोबांचा भाऊ आला नाही. आमच्या घराला ते अजून दुखतं. मी खोटं सांगणार नाही.”

पुतण्या गप्प राहिला. आत दिव्याखाली धाकटी थोरलीचं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक वाचत होती. ती अजून नववीत होती. पुस्तक तिला कळत नव्हतं, तरी ती आकृत्या वहीत काढत होती. पुतण्या बराच वेळ तिकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या बसनं पुण्याला गेला आणि फी भरून आला.

रविवारी जर्मनीहून फोन आला. या वेळी काय पाठवू, असं मुलानं नेहमीसारखं विचारलं. दर वेळी आजी काही नको म्हणायची. या वेळी म्हणाली, “तुझ्या खोलीला चार टेबलं कर. चांगलं दिवं लाव. ह्यो पोरगा गेल्यावर आळीतली पोरं बसतील अभ्यासाला.” पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मुलानं विचारलं, “माझं टेबल तसंच ठेवशील ना?” “ठिवीन की,” आजी म्हणाली.

जाणाऱ्याचा हिशेब आपण सगळेच ठेवतो. तो ठेवायलाच हवा, कारण रिकामी खोली खरी असते आणि आईचं दुःख खरं असतं. पण त्या हिशेबावरून मुलीची फी अडवू नये. गेलेल्याच्या वाटेकडे बघून जे शिकले आणि इथंच राहिले, त्यांची नावं कुणी लिहीत नाही. जाण्यानं गाव ओसाड पडत नाही. मागची जागा लावायची राहिली, तर पडतं. ते लावणं जसं जाणाऱ्याच्या हातात असतं, तसंच राहणाऱ्याच्याही.

कार्तिकात तरुण कापणीला आला. राबाच्या कोपऱ्यातलं भात कमरेच्या वर आलं होतं आणि लोंब्यांच्या भारानं वाकलं होतं. आजीनं ते वेगळं झोडपलं आणि त्यातला तांदूळ त्याच्या पिशवीत बांधून दिला. वहीच्या शेवटच्या पानावरची ती ओळ त्यानं खोडली होती. प्रबंधात तिच्या जागी सहावा रकाना छापला होता, आणि त्यात पहिलं नाव त्याच्या वडिलांचं होतं.

मागच्या खोलीत आता रोज संध्याकाळी दिवा असतो. किल्ली धाकटीकडे आहे.